‘माझा प्रवास’चे सचित्र वाचन: संहितेच्या पेचाची पार्श्वभूमी

वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’चे सचित्र ध्वनिवाचन करावे, असा विषय निघाला की बोलणे आवाज, संगीत आणि चित्रे यांपासून सुरू होते आणि थोड्याच वेळात एका जुन्या पेचापाशी येऊन थांबते. वाचायचे कोणते पुस्तक? या एकाच नावाखाली दोन संहिता प्रसिद्ध आहेत. एक १९०७ची, दुसरी १९६६ची.

ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघालेल्या या भिक्षुकाने परत आल्यावर बऱ्याच वर्षांनी, ओळखीच्या एका तरुण यजमानाच्या आग्रहावरून, आपल्या प्रवासाची आणि वाटेत पाहिलेल्या सत्तावनच्या बंडाची हकीकत मोडी लिपीत लिहून काढली. इंग्रज सरकारच्या धास्तीमुळे ती लेखकाच्या हयातीत छापली गेली नाही. १९०७ साली ती बाहेर आली तेव्हा त्याच यजमानांनी, म्हणजे संपादकांनी, भाषा त्या काळच्या छापील वळणाची केली होती आणि काही मजकूर गाळला होता. हस्तलिखित पुढे पुण्यातील एका संशोधन संस्थेकडे गेले आणि त्यावरून १९६६ साली मूळ संहिता प्रसिद्ध झाली. मधल्या काळात वाचकांच्या मनात बसले होते ते १९०७चे पुस्तक.

चित्र दाखवत गोष्ट सांगणे मराठी मुलखाला नवे नाही, पिंगुळीचे चित्रकथी ते पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. छापील पुस्तकाचे वाचन मात्र नभोवाणीमुळे घराघरांत पोचले. पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले. तेथे ऐकणाऱ्याला चित्र दिसत नसे, आणि निवडक उताऱ्यांवर काम भागत असल्यामुळे संहितेचा प्रश्न फारसा टोचत नसे. संपूर्ण पुस्तक ऐकण्याची सवय अलीकडची. २०१७च्या अखेरीस एका स्वीडिश कंपनीने श्राव्य पुस्तकांची वर्गणीसेवा भारतात आणली आणि त्यात मराठीला ठळक जागा मिळाली. पाठोपाठ मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून त्यावर चित्रे जोडणारे हौशी वाचकही वाढले, आणि प्रताधिकाराची (कॉपीराइटची) विचारणा सुरू झाली.

१९०७च्या संहितेबाबत अडचण नाही. तिचे संपादक १९३८ साली वारले. तेव्हाच्या कायद्यानुसार मृत्यूनंतरची पन्नास वर्षे १९८८च्या अखेरीस संपली, आणि १९९२च्या दुरुस्तीने ही मुदत साठ वर्षांची झाली तरी आधीच मोकळ्या झालेल्या लेखनाला ती लागू पडली नाही. घोळ आहे तो १९६६च्या संहितेबाबत. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध होणाऱ्या लेखनाची मुदत प्रकाशनापासून मोजतात. त्या हिशेबाने हे संरक्षण ३१ डिसेंबर २०२६पर्यंत चालते. पण त्याच कलमात असेही म्हटले आहे की अशा लेखनाचे ‘रूपांतर’ आधी प्रसिद्ध झाले असेल, तर मुदत त्या रूपांतरापासून मोजावी. मग १९०७चे पुस्तक हे मूळ लेखनाचे रूपांतर, की संपादकीय हात फिरवलेले पण तेच लेखन? गंमत अशी की यांपैकी काहीही मानले तरी दोन्ही पुस्तकांत समान असलेला भाग केव्हाच मोकळा झालेला ठरतो. वादाला जागा उरते ती फक्त १९०७मध्ये गाळलेल्या आणि १९६६मध्ये प्रथमच उजेडात आलेल्या मजकुरापुरती. आजच्या श्रोत्याला हवा असतो नेमका तोच. त्यामुळे सावध मंडळी १९०७चे पुस्तक हाती घेतात. ही सावधगिरी समजण्यासारखी असली, तरी तिची किंमत भटजींच्या आवाजाला मोजावी लागते, हे नाकारता येत नाही.

कारण हा फरक कानाला लगेच जाणवतो. मोडी लिहिताना आधी शिरोरेघ ओढून घेत आणि तिच्याखाली अक्षरे सलग मांडत. शब्द तुटत नाहीत, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा आग्रह नाही. असा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्याला श्वास कोठे घ्यायचा हे स्वतः ठरवावे लागते आणि वाक्य बोलल्यासारखे लांबत जाते. १९०७च्या पुस्तकात ती कामगिरी संपादकाने आधीच उरकलेली आहे, म्हणून ते वाचायला सोपे आणि ऐकायला थोडे पुस्तकी वाटते.

चित्रांची अडचण वेगळी आहे. झाशीच्या वेढ्यात भटजी स्वतः शहरात होते. त्या लढाईची सहज मिळणारी चित्रे मात्र बहुतेक इंग्रजी सचित्र साप्ताहिकांतील आणि पुस्तकांतील, म्हणजे तटाबाहेरून पाहणाऱ्यांची आहेत. भटजींनी तटाच्या आतून सांगितलेल्या हकीकतीवर तीच चिकटवली की कान एका बाजूला आणि डोळा दुसऱ्या बाजूला असा प्रकार होतो. काल्पीच्या वाटेवरील विहिरीचा प्रसंग पाहावा. भटजींनी पाहिलेली राणी पठाणी वेषात, धुळीने भरलेली, तहानेने कासावीस झालेली आहे, आणि ब्राह्मणाला पाणी काढण्याचे श्रम नकोत म्हणून ती स्वतः दोरी हाती घेते. पाठीशी मूल बांधलेली, तलवार उगारलेली कॅलेंडरातील राणी येथे दाखवली की वर्णनावरच पाणी पडते. हा प्रसंग नव्याने काढून घेणे हाच खरा मार्ग आहे, पण हौशी माणसाला तो परवडतोच असे नाही.

२०१२च्या कायदा-दुरुस्तीने दृष्टिहीन व अन्य अपंग वाचकांसाठी कोणत्याही लेखनाची सुलभ प्रत करण्यास मुभा दिली. १९६६ची संहिता त्यांच्यासाठी वाचण्याला त्यामुळे वादाचा अडथळा उरला नाही, मात्र तेच ध्वनिमुद्रण चित्रे जोडून सर्वांसाठी खुले केले की ती मुभा संपते. गाळलेल्या मजकुराचा प्रश्न १ जानेवारी २०२७ रोजी आपोआप निकालात निघेल. १९६६च्या संपादकांची प्रस्तावना आणि टिपा हे मात्र त्यांचे स्वतःचे लेखन आहे आणि ते १९७९ साली वारले, म्हणून त्या २०३९च्या अखेरीपर्यंत राखीव राहतील. जुन्या शब्दांचे अर्थ श्रोत्याला सांगायचे असतील, तर तोवर ते ज्याचे त्यानेच लिहायचे.