मीटरवरचा लाल दिवा आणि ११२५ ज्यूल

आमच्या जिन्याखालच्या मीटरवर एक लाल दिवा सतत लुकलुकत असतो. मीटर चालू असल्याची खूण असेल, एवढंच मी बरीच वर्षं समजत होतो. मग एकदा मोबाइलच्या उजेडात काचेमागचं बारीक अक्षर वाचलं: किलोवॅट-तासाला ३२०० पल्स. दिवा ३२०० वेळा लुकलुकला की बिलात एक युनिट चढतं.

युनिट म्हणजेच किलोवॅट-तास. ज्यूल हे ऊर्जेचं माप, आणि एक वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल. हजार वॅट तासभर, म्हणजे ३६०० सेकंद चालले, की ३६ लाख ज्यूल होतात. त्यांना ३२०० नी भागलं की दर लुकलुकीमागे ११२५ ज्यूल निघतात. (तुमच्या मीटरवरचा आकडा वेगळा असू शकतो, तो आधी बघा.) आता घरातलं बाकी सगळं बंद करून एकच वस्तू चालू ठेवायची आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजायचे. ११२५ ला त्या सेकंदांनी भागलं की वॅट हातात. ७५ वॅटचा जुना पंखा पंधरा सेकंदांनी एकदा लुकलुकवतो, ९ वॅटचा एलईडी दोन मिनिटं ताटकळत ठेवतो. २००० वॅटचा गीझर लावला की मोजताना जीभ अडखळते. दहा सेकंदांत जवळजवळ अठरा.

गीझरच एवढा का खातो? त्याचं उत्तर ज्यूल ज्याच्या नावावरून आला, त्या जेम्स ज्यूलकडे आहे. मँचेस्टरजवळच्या या बिअर उत्पादकाच्या मुलाने १८४० च्या दशकात खाली उतरणाऱ्या वजनांच्या जोरावर पाण्यात वल्ही फिरवली आणि पाणी किती तापतं ते मोजलं. तापतं, पण अगदी नावापुरतं. आजच्या हिशेबाने लिटरभर पाणी एका अंशाने तापवायला ४१८६ ज्यूल, म्हणजेच एक किलोकॅलरी लागते. तेवढ्याच ऊर्जेत तेच पाणी ४२७ मीटर उंच चढवता येईल!

म्हणून पाणी चढवणं स्वस्त, तापवणं महाग. हजार लिटर पाणी १५ मीटरवरच्या गच्चीतल्या टाकीत चढवायला १ लाख ४७ हजार ज्यूल, म्हणजे युनिटचा पंचविसावा भाग. पंपाने निम्मी वीज वाया घालवली तरी बारावा. आणि आंघोळीचं वीस लिटर पाणी २० अंशांनी तापवायला? ४०० किलोकॅलरी, जवळजवळ अर्धं युनिट. सोसायटीच्या बैठकीत मात्र भांडण पंपाच्या बिलावरून होतं.

परवा रात्री घरातले सगळे दिवे-पंखे बंद केले, फ्रिजचं बटणही बंद केलं आणि मीटरसमोर उभा राहिलो. सत्तर सेकंदांनी दिवा लुकलुकला. सोळा वॅट! टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स आणि वायफायचा राउटर जागेच होते. दिवसरात्र असेच राहिले तर महिन्याला साडेअकरा युनिटं.