मंगळवारचा केसरी

१८८० साली पुण्यात वर्तमानपत्र काढायचं तर आधी छापखाना हवा. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर आणि मंडळींनी केशव बल्लाळ साठे यांच्याकडून जुना छापखाना घेतला. त्याचं सामान रातोरात स्वतःच वाहून मोरोबादादांच्या वाड्यात आणलं, असं सांगतात. तोच आर्यभूषण. २ जानेवारी १८८१ला, रविवारी, इंग्रजी 'मराठा' निघाला आणि मंगळवारी, ४ तारखेला, 'केसरी'.

पुणं तेव्हा जेमतेम लाखभर वस्तीचं. 'केसरी' हे इथलं पहिलं पत्र, असा अनेकांचा समज असतो, तसं नाही. 'ज्ञानप्रकाश' १८४९पासून निघत होतं. १८७७त कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' काढून शेतकरी-कष्टकऱ्यांची बाजू मांडायला सुरुवात केली होती. त्यात देशी भाषांतल्या पत्रांवर बंधनं घालणारा व्हाइसरॉय लिटनचा १८७८चा कायदा अजून डोक्यावर होताच.

'केसरी'च्या उद्देशपत्रिकेतली उपमा मला फार आवडते. रात्री रस्त्यात दिवे असले, पोलिसांची गस्त फिरत असली की जो उपयोग होतो, तोच पत्रकर्त्याची लेखणी चालू असल्याने होतो, असा तिचा भावार्थ. पेठेतल्या माणसाला लगेच पटणारी गोष्ट. देशस्थिती, मराठी ग्रंथांची परीक्षणं आणि विलायतेतल्या राजकारणाचा गोषवारा देण्याचंही कबूल केलं होतं.

गस्त घालणं महागात पडायला वेळ लागला नाही. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतो म्हणून कारभारी बर्व्यांवर लिहिलं; पुराव्याची पत्रं बनावट निघाली. १८८२त टिळक-आगरकरांना चार महिन्यांची सजा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्याआधी जामिनाचे दहा हजार उभे केले ते रामशेठ उरवण्यांनी, जोतीराव फुल्यांच्या शब्दावर. या मंडळींच्या लिखाणावर जोतीरावांचा रोष काही कमी नव्हता, तरीही!

खरी फूट घरातच पडली. पहिले संपादक आगरकर. पण आधी सामाजिक सुधारणा की राजकारण, यावर टिळकांशी पटेना. १८८७त त्यांनी 'केसरी' सोडला, पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. 'सुधारक'ची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत. मुलींचं संमतिवय कायद्याने वाढवावं का, या वादात 'केसरी' आणि 'सुधारक' एकमेकांवर तुटून पडले. त्याच १८९१च्या सुमारास 'केसरी' आणि 'मराठा' टिळकांकडे आले, कर्जासकट. आर्यभूषण मात्र दुसऱ्या भागीदारांच्या वाट्याला गेला.