भुयारातली वाळू टाकायची कुठे?

युद्धकैद्यांच्या पलायनावरचे जुने चित्रपट ज्यांना आवडतात त्यांना 'द ग्रेट एस्केप' (१९६३) वेगळा सांगायला नको. ब्रिटनमध्ये तर तो सुट्टीच्या दिवशी टीव्हीवर हटकून लागणारा सिनेमा. एल्मर बर्नस्टाईनची शीळ घालायला लावणारी धून, मोटारसायकलवरचा स्टीव्ह मॅक्वीन, आणि अखेरीस पळून पकडल्या गेलेल्या पन्नास कैद्यांना गोळ्या. चित्रपट त्या पन्नास जणांनाच अर्पण केलेला आहे. तरी लोक तो घरच्यांबरोबर मजेत बघतात. हे कसं काय जमतं, ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

१९२९ च्या जिनिव्हा करारात दोन गोष्टी ठरल्या. कैदेत पडलेल्या अधिकाऱ्याला सक्तीने कामाला लावायचं नाही. आणि पळून जाताना सापडलेल्या कैद्याला फक्त शिस्तभंगाची शिक्षा द्यायची, तीही फार तर तीस दिवसांच्या कोठडीची. म्हणजे हाताला काम नाही, वेळ ढीगभर, रेडक्रॉसच्या पार्सलांतून दूध पावडर, चॉकलेट, सिगारेटी येताहेत आणि सापडलो तर महिनाभर एकट्याने बसायचं. अशात पळून बघायला कोण कचरेल? साध्या शिपायांची गत निराळी होती. त्यांना शेतांवर, खाणींत राबायला धाडत. म्हणून या चित्रपटांचे नायक बहुतेक अधिकारीच असतात.

याची दुसरी बाजू क्वचितच पडद्यावर येते. सोव्हिएत संघाने त्या करारावर सही केली नव्हती आणि जर्मनांनी ते निमित्त पुरेपूर वापरलं. त्यांच्या ताब्यातले सुमारे ३३ लाख सोव्हिएत कैदी उपासमारीने, थंडीने, गोळ्यांनी मेले. तिथे कसले बनावट पासपोर्ट आणि कसले शिवलेले कोट! जपान्यांच्या छावण्यांतही पळणं म्हणजे बहुधा मरणच होतं. पलायनपटांचा खेळकरपणा हा पश्चिम युरोपीय आणि अमेरिकी अधिकाऱ्यांच्या वाट्याला आलेल्या कैदेतूनच उगवलेला आहे, हे विसरून चालत नाही.

या परंपरेची मुळं पहिल्या महायुद्धात आहेत. जुलै १९१८ मध्ये जर्मनीतल्या होल्झमिंडनच्या छावणीतून २९ ब्रिटिश अधिकारी भुयारातून बाहेर पडले आणि १० मायदेशी पोहोचले. अशा हकिकतींची पुस्तकं पुढच्या वीस वर्षांत ब्रिटिश पोरांनी वाचून काढली. हीच पोरं पुढे विमानं उडवायला लागली. फ्रान्समध्ये ज्याँ रेन्वारने १९३७ साली 'ल ग्रांद इल्यूझियाँ' काढला. त्यात भुयार आहे, पलायन आहे. पण त्याला खरा रस आहे तो कैदी आणि पहारेकरी यांच्यातल्या वर्गाच्या नात्यात. माझ्या मते या जातकुळीतला सर्वोत्तम चित्रपट अजूनही तोच. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याला तो इतका झोंबला की जर्मनीत त्याच्यावर बंदी आली.

आता सागान, म्हणजे 'द ग्रेट एस्केप'मधलं पलायन खरोखर घडलं ती जागा. आजच्या पोलंडमधलं हे गाव (झागान) तेव्हा जर्मनीत होतं. तिथली 'स्टालाग लुफ्ट ३' ही छावणी खुद्द जर्मन वायुदल चालवत असे. जागा विचारपूर्वक निवडलेली होती: जमीन भुसभुशीत, वाळूची. वर करडी माती, खाली पिवळीधमक वाळू. खणलेली मूठभर वाळू अंगणात पडली तरी पहारेकऱ्याच्या डोळ्यांत भरेल. बराकी जमिनीपासून उचलून बांधलेल्या, म्हणजे खाली वाकून बघता येईल. कुंपणालगत जमिनीत मायक्रोफोन पुरलेले.

रॉजर बुशेल नावाच्या बॅरिस्टर-वैमानिकाने इथे एकाच वेळी तीन भुयारं काढायला घेतली: टॉम, डिक, हॅरी. मायक्रोफोनला ऐकू जाऊ नये म्हणून खोली सुमारे नऊ मीटर. वाळू ढासळू नये म्हणून पलंगांच्या फळ्यांचा आधार. अशा जवळजवळ चार हजार फळ्या लागल्या. रिकामे दुधाचे डबे एकाला एक जोडून हवेचा नळ, त्याला हाताने चालवायचा भाता. आणि वाळूसाठी लांब अंतर्वस्त्रांच्या पायांच्या पिशव्या. त्या विजारीत लटकवायच्या, खालचं तोंड पिनेने बंद. खिशातली दोरी ओढली की पिन सुटते, वाळू घोट्यापाशी गळते, मग चालता चालता ती पायाने मातीत मिसळायची. ओझ्याने ही माणसं डुलत चालत, म्हणून त्यांना पेंग्विन म्हणत. टॉम सप्टेंबर १९४३ मध्ये सापडलं. डिकमध्ये वाळू भरली. बर्फ पडल्यावर उरलेली वाळू छावणीच्या नाट्यगृहात खुर्च्यांखाली गेली.

या चित्रपटांची ओढ मला तरी इथेच दिसते. गोळीबार, शौर्य हे दुय्यम. सामान्य माणूस बघत असतो तो जुगाड: डब्याचा नळ कसा झाला, ब्लँकेटचा सूट कसा शिवला. अडचण समोर, साधनं मोजकी, आणि कुणी एकटा हिरो नाही. शिंपी, नकाशेवाला, खोटे कागद करणारा, खिडकीत बसून पहारेकऱ्याच्या फेऱ्या टिपणारा, प्रत्येकाला काम. याच छावणीतून ऑक्टोबर १९४३ मध्ये तिघे जण उड्या मारायच्या लाकडी घोड्याखाली भुयार खणून निसटले आणि तिघेही घरी पोहोचले. त्यावर 'द वुडन हॉर्स' १९५० मध्ये आला, कोल्डिट्झ या जर्मन किल्ल्यातल्या कैद्यांच्या छावणीवरचा चित्रपट १९५५ मध्ये. दोन्ही कथा पळून गेलेल्यांनीच लिहिलेल्या पुस्तकांतून आलेल्या.

'द ग्रेट एस्केप'चं मूळ पुस्तक पॉल ब्रिकहिल या ऑस्ट्रेलियन कैद्याचं. बंद जागेची धास्ती असल्यामुळे त्याला भुयारातून जाऊ दिलं नव्हतं. पडद्यावर मात्र हॉलिवूडचा पैसा आला आणि त्याबरोबर अमेरिकन नायकही. प्रत्यक्षात त्या रात्री भुयारातून बाहेर पडलेल्यांत एकही अमेरिकन नव्हता; त्यांना आधीच वेगळ्या आवारात हलवलं होतं. मोटारसायकलची उडी तर निव्वळ कल्पना, आणि तीही मॅक्वीनने नव्हे, बड एकिन्स या स्टंटमनने मारलेली. उलट खोटे कागद करणाऱ्याच्या भूमिकेतला डोनाल्ड प्लेझन्स खरोखर जर्मनांच्या कैदेत राहून आलेला होता.

२४ मार्च १९४४ च्या रात्री हॅरी उघडलं. तोंड झाडीच्या अलीकडेच निघालं. बेत दोनशे जणांचा होता, निसटले ७६. तिघे सुटले, दोन नॉर्वेजियन आणि एक डच. ७३ सापडले आणि हिटलरच्या हुकमावरून त्यातल्या ५० जणांना मारलं. चित्रपटात ते एका माळावर एकदम पडतात. खरं तर त्यांना ठिकठिकाणी, एकेकट्याने किंवा लहान गटांत संपवलं गेलं. तीस दिवसांच्या कोठडीचा नियम त्या आठवड्यात मोडला. १९४७ साली हँबर्गमध्ये खटला चालला तो याचसाठी.

आपल्याकडचं उदाहरण १९७१ च्या युद्धातलं. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांचं सुखोई विमान पाकिस्तानात पडलं. रावळपिंडीच्या छावणीत त्यांनी एम. एस. ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासह कोठडीची भिंत कोरली. सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र केलं. १२-१३ ऑगस्ट १९७२ च्या रात्री तिघे बाहेर पडले, बसने पेशावरला गेले, पुढे खैबर खिंडीत लंडी कोतलपर्यंत पोहोचले. अफगाण सरहद्द हाकेच्या अंतरावर होती. तिथे त्यांनी लंडी खानाला जायची वाट विचारली. ते रेल्वे स्टेशन १९३२ पासून बंद होतं. त्याचं नाव घेणाऱ्या परक्यांचा संशय येणारच. पकडले गेले. पण इथे नियम पाळला गेला. १ डिसेंबर १९७२ रोजी इतर युद्धकैद्यांबरोबर तिघेही वाघा ओलांडून परत आले.