खुला प्रवेश : बडोद्याचा वीजग्राहक आणि पुरवठादाराची निवड

तारा एकाच्या आणि वीज दुसऱ्याची, या व्यवस्थेला वीज कायद्यात ‘खुला प्रवेश’ म्हणतात. कारखानदारांच्या बोलण्यात हाच ‘ओपन ॲक्सेस’. ग्राहक आपल्या भागातल्या वितरण कंपनीचे जाळे भाडे भरून वापरतो. वीज मात्र एखाद्या निर्मात्याकडून, व्यापाऱ्याकडून किंवा वीजबाजारातून विकत घेतो. भारतात किरकोळ वीजविक्रीत जी काही स्पर्धा आहे ती मुख्यतः या एका तरतुदीवर उभी आहे. बडोद्यात मकरपुरा, नंदेसरी, रणोली इथल्या मोठ्या कारखान्यांना ही वाट मोकळी आहे, दांडिया बाजारातल्या किंवा रावपुऱ्यातल्या घराला नाही. हा भेद विजेच्या तंत्रातून आलेला नाही. तो नियमांनी आखलेला आहे, आणि गेल्या वीस वर्षांतले बरेचसे नियामक बदल ही रेघ कुठे असावी याच वादातून झाले आहेत.

बडोदा आणि वीज

गुजरातच्या वीजव्यवहाराचा कारभार राजधानीतून नव्हे, बडोद्यातून चालतो. गुजरात विद्युत मंडळाचे (इंग्रजी आद्याक्षरांनी ‘जीईबी’) मुख्यालय इथे रेसकोर्स भागात होते. १ एप्रिल २००५ पासून मंडळाच्या जागी सात कंपन्या आल्या. विजेची घाऊक खरेदी करणारी गुजरात ऊर्जा विकास निगम, एक निर्मिती कंपनी, पारेषणाची ‘जेटको’ आणि चार वितरण कंपन्या. त्यांपैकी मध्य गुजरात वीज कंपनी बडोदा शहराला वीज देते. इतकी वर्षे झाली तरी जुन्या मराठी घरांत अजून ‘जीईबीवाले आले’ असेच म्हणतात आणि लाइट बिलही जीईबीचेच असते.

गोत्री इथे राज्य भार प्रेषण केंद्र आहे. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे करून प्रत्येक तुकड्यात कोणी किती वीज जाळ्यात घालायची आणि कोणी किती घ्यायची, याचे वेळापत्रक तिथे ठरते. खुल्या प्रवेशाची सगळी किमया या वेळापत्रकात आहे. जाळ्यातली वीज एकमेकांत मिसळलेली असते. मकरपुऱ्यातल्या लेथवर फिरणारा युनिट कच्छच्या पवनचक्कीचा की वणाकबोरीच्या कोळशावरच्या वीजकेंद्राचा, हे कोणालाच सांगता येत नाही. सांगता येतो तो हिशेब. निर्मात्याने अमुक पंधरा मिनिटांत किती वीज आत सोडली आणि ग्राहकाने त्याच पंधरा मिनिटांत किती उचलली, हे दोन मीटर जुळवून पाहतात. म्हणून अशा ग्राहकाला दर पंधरा मिनिटांची नोंद ठेवणारा खास मीटर बसवावा लागतो, आणि ठरल्यापेक्षा कमी-जास्त वीज उचलली तर त्याचे पैसे वेगळे मोजावे लागतात. वाटेत तारांमध्ये जी वीज वाया जाते तीही ग्राहकाच्याच वाट्याला येते: शंभर युनिट हवे असतील तर पलीकडे शंभराहून जास्त घालावे लागतात.

२००३ चा कायदा

वीज कायदा १० जून २००३ रोजी अमलात आला. खुल्या प्रवेशाची तरतूद त्याच्या कलम ४२ मध्ये आहे. राज्यांच्या वीज नियामक आयोगांनी तो टप्प्याटप्प्याने द्यावा, असे मूळ कायद्यात म्हटले होते. लगेच झालेल्या दुरुस्तीने मुदत घातली: १ मेगावॉटहून जास्त वीज लागणाऱ्या सर्व ग्राहकांना पाच वर्षांच्या आत हा हक्क मिळाला पाहिजे. १ मेगावॉट म्हणजे सुमारे १,३४० अश्वशक्ती. रासायनिक कारखाने, मोठ्या गिरण्या, ओतशाळा यांना हा आकडा सहज गाठता येतो. बडोद्याची ख्याती ट्रान्सफॉर्मर आणि विद्युत उपकरणांच्या उद्योगासाठी आहे. पण या उद्योगाला सुटे भाग पुरवणारे शेकडो छोटे कारखाने या रेघेच्या पुष्कळ खाली राहिले.

बाहेरून वीज घ्यायची तर ती विकणाराही हवा. २००८ मध्ये भारतात वीजबाजार सुरू झाले. त्याआधी खुला प्रवेश म्हणजे एखाद्या निर्मात्याशी थेट करार करणे, आणि तो करण्याची ऐपत थोड्यांचीच होती. बाजार आल्यावर दुसऱ्या दिवसाची वीज आदल्या दिवशी बोली लावून घेता येऊ लागली. १ जून २०२० पासून काही तास आधीही.

अधिभार

या विषयात खरे भांडण अधिभाराचे आहे. शेतकऱ्यांना आणि गरीब घरांना खर्चापेक्षा कमी दराने वीज मिळते, त्याची भरपाई कारखाने आणि दुकाने जास्त दर भरून करतात. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. मोठा कारखाना वितरण कंपनी सोडून बाहेरून वीज घेऊ लागला, तर ही भरपाई करणाराच निघून जातो. म्हणून जाणाऱ्याने क्रॉस सबसिडी अधिभार भरावा, असे कलम ४२ सांगते. सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये सेसा स्टरलाइटच्या प्रकरणात या अधिभारामागचा भरपाईचा हेतू मान्य केला.

मूळ कायद्यात हा अधिभार ‘क्रमाने कमी करून संपवावा’ असे होते. २००७ च्या दुरुस्तीने ‘संपवावा’ हा शब्द काढून टाकला; ‘कमी करावा’ तेवढे उरले. एका क्रियापदाच्या जाण्याने स्पर्धेचा सारा नकाशा बदलला, कारण उद्योगांना दिलेले शेवटचे आश्वासन त्याबरोबर गेले. २०१६ च्या दरधोरणाने संबंधित ग्राहकवर्गाच्या दराच्या २० टक्के अशी कमाल मर्यादा घातली, हा त्यातल्या त्यात दिलासा.

दुसरा तो अतिरिक्त अधिभार. वितरण कंपनीने पंचवीस-पंचवीस वर्षांचे वीजखरेदी करार केलेले असतात. ग्राहक गेला तरी त्या वीजकेंद्रांचा स्थिर खर्च कंपनीला भरावाच लागतो. तो खर्च जाणाऱ्याकडून वसूल करण्यासाठी हा अधिभार.

हिशेब कसा फिरतो ते एका काल्पनिक उदाहरणाने कळेल. समजा, कारखान्याला वितरण कंपनीचा दर युनिटला ७.५० रुपये पडतो आणि बाहेर वीज ४.५० रुपयांना मिळते. पारेषण, वहन आकार (म्हणजे वितरण जाळ्याचे भाडे) आणि वाटेतली हानी मिळून १ रुपया. क्रॉस सबसिडी अधिभार कमाल मर्यादेइतका, म्हणजे १.५० रुपये. अतिरिक्त अधिभार ६० पैसे धरा. बेरीज होते ७.६० रुपये. तीन रुपयांची स्वस्ताई दारापर्यंत येता येता दहा पैशांनी महाग झाली.

अशा वेळी उद्योग स्वतःच्या वीजकेंद्राकडे वळतात. कायद्याच्या कलम ९ प्रमाणे स्वतःच्या वापरासाठी उभारलेल्या केंद्रातून तारांवरून वीज आणली तर क्रॉस सबसिडी अधिभार लागत नाही. अतिरिक्त अधिभारही लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्राच्या एका प्रकरणात दिला. वरच्या उदाहरणात ही वीज ५.५० रुपयांनाच पडेल. अट अशी की वापरणाऱ्यांची केंद्रात किमान २६ टक्के मालकी हवी आणि वर्षाच्या निर्मितीतली किमान ५१ टक्के वीज त्यांनीच वापरली पाहिजे. चार-पाच कारखाने मिळून सौर किंवा पवन प्रकल्पात भाग घेतात तो याच सूत्रावर. पुरवठादाराची निवड म्हणावी तर ही निवड भांडवल असलेल्याची आहे: वीज स्वस्त हवी असेल तर आधी वीजकेंद्राचा भागीदार व्हा.

क्रॉस सबसिडीवर सरसकट राग धरणे मात्र योग्य नाही. गुजरातने २००३ ते २००६ या काळात ज्योतिग्राम योजनेतून शेतीच्या वाहिन्या गावाच्या वाहिन्यांपासून वेगळ्या केल्या. त्यामुळे गावांना चोवीस तास वीज मिळाली आणि पंपांना ठरावीक तासांची. शेतीची वीज कोणीतरी पेलते म्हणूनच ही घडी बसली. प्रश्न तिचा भार सरकारच्या तिजोरीने उघडपणे उचलावा की कारखान्याच्या बिलात दडवावा, एवढाच आहे. आणि उघडपणे उचलणे जास्त प्रामाणिक आहे.

१०० किलोवॉटची रेघ

६ जून २०२२ रोजी केंद्र सरकारने हरित ऊर्जेच्या खुल्या प्रवेशाचे नियम काढले, आणि छोट्या कारखान्यांच्या दृष्टीने कायद्यानंतरचा सर्वांत मोठा बदल झाला. सौर, पवन अशा विजेसाठी मर्यादा १ मेगावॉटवरून एकदम १०० किलोवॉटवर आली. पुढच्या वर्षी झालेल्या दुरुस्तीने एकाच वीज विभागातल्या अनेक जोडण्या मिळून १०० किलोवॉट भरत असतील तरी चालेल असे ठरले. स्वतःच्या वीजकेंद्राची वीज वापरणाऱ्याला तर किमान मर्यादाच उरली नाही.

नियमांतली दोन कलमे विशेष महत्त्वाची. अर्जावर पंधरा दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असे धरायचे. पूर्वी अर्ज महिनोन्‌महिने अडवून ठेवता येत असे. आणि क्रॉस सबसिडी अधिभार मंजुरीच्या वर्षी जेवढा होता त्याच्या ५० टक्क्यांहून जास्त बारा वर्षे वाढवता येणार नाही. सौर प्रकल्पात पैसा घालणाऱ्याला हीच हमी हवी असते, कारण वीजेची किंमत करारात बांधता येते पण अधिभार कोणाच्याच हातात नसतो. न वापरलेली वीज महिन्याच्या हिशेबात जमा ठेवण्याची, म्हणजे ‘बँकिंग’ची सोयही या नियमांनी दिली. जानेवारी २०२४ मध्ये अतिरिक्त अधिभारालाही चाप बसला: खुल्या प्रवेशाच्या मंजुरीपासून चार वर्षांत तो उतरत शून्यावर यावा, असा नियम झाला.

१०० किलोवॉट म्हणजे सुमारे १३४ अश्वशक्ती. मकरपुऱ्यातली मध्यम मशीनशॉप, एखादे रुग्णालय किंवा शीतगृह या रेघेवर येते. तरी केवळ हक्क मिळून भागत नाही. मीटर, वेळापत्रक, परवानग्या, दर महिन्याची ताळेबंदाची कागदपत्रे हा व्याप मोठ्या कंपनीत एक स्वतंत्र विभाग सांभाळतो. छोट्या कारखान्यात मालक स्वतः. त्यामुळे इथे सल्लागार आणि वीजव्यापारी यांची मध्यस्थी जवळजवळ अटळ आहे, आणि तिचीही किंमत असतेच.

मुंबईचा धडा

घरगुती ग्राहकाला खरोखर पुरवठादार निवडता आला तो भारतात मुंबईत. तिथे टाटा आणि रिलायन्स या दोघांकडे एकाच भागाचे परवाने होते. टाटांना छोट्या ग्राहकांनाही वीज विकता येईल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००८ मध्ये दिला. २००९ मध्ये महाराष्ट्राच्या आयोगाने रिलायन्सच्या तारांवरूनच टाटांची वीज घेण्याची वाट करून दिली. लोकांनी मोठ्या संख्येने पुरवठादार बदलला. पण मागे राहिलेल्यांवरच्या भाराचा प्रश्न लगेच आला, आणि बदललेल्या ग्राहकांवर तिथेही क्रॉस सबसिडी अधिभार लागला. बडोद्यात असा दुसरा परवानाधारक नाही. अहमदाबाद आणि सुरतेत खासगी कंपनी वीज देते खरी, पण म्हणून त्या शहरांतल्या घरांना निवड करता येते असे नाही.

परदेशातले अनुभव

टेक्सासने १ जानेवारी २००२ पासून बहुतांश घरांना पुरवठादार निवडू दिला. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात घाऊक दर मेगावॉट-तासाला ९,००० डॉलरच्या कमाल मर्यादेला टेकले आणि घाऊक दराशी थेट बांधलेल्या योजनेतल्या कुटुंबांना हजारो डॉलरची बिले आली. त्यानंतर घरांसाठी अशा योजनांवर बंदी घालण्यात आली. ब्रिटनमध्ये २०२१-२२ च्या नैसर्गिक वायूच्या संकटात पंचवीसहून जास्त किरकोळ पुरवठादार बुडाले. त्यांचे ग्राहक अंधारात गेले नाहीत, कारण बुडालेल्याचे ग्राहक दुसऱ्याकडे सोपवण्याची व्यवस्था आधीच तयार होती. भारतातल्या कोणत्याही विधेयकात आधी शोधावी अशी तरतूद हीच आहे.

तारा आणि वीज वेगळी करण्याचे प्रयत्न

तारांचा धंदा आणि वीजविक्रीचा धंदा कायद्यानेच वेगळे करण्याचे विधेयक डिसेंबर २०१४ मध्ये लोकसभेत आले आणि बारगळले. ८ ऑगस्ट २०२२ चे विधेयक एकाच जाळ्यावर अनेक परवानाधारक आणू पाहत होते. ते स्थायी समितीकडे गेले आणि सतराव्या लोकसभेबरोबर संपले. वीज कर्मचाऱ्यांचा विरोध ठाम होता: चांगले ग्राहक खासगी कंपन्या नेतील आणि शेती व खेडी सरकारी कंपनीच्या गळ्यात राहतील. २०२०-२१ च्या शेतकरी आंदोलनातही वीज विधेयक मागे घेण्याची मागणी होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ऊर्जा मंत्रालयाने पुन्हा मसुदा काढला. त्यात सामाईक जाळे, कारखान्यांवरची क्रॉस सबसिडी पाच वर्षांत संपवणे आणि १ मेगावॉटवरच्या ग्राहकांना पुरवठा करण्याच्या बंधनातून वितरण कंपनीला मोकळे करण्याची मुभा, असे मुद्दे आहेत. २००७ मध्ये गेलेले ‘संपवावा’ हे क्रियापद अशा रीतीने परत येऊ पाहत आहे.

घरगुती ग्राहकाच्या हाती

बडोद्यातल्या घराला आज पुरवठादार बदलता येत नाही, पण विजेचा काही भाग स्वतः तयार करता येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या छतावरील संचाला केंद्राचे ७८,००० रुपये अनुदान आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला मात्र स्वतःचे छत नसते. ग्राहक हक्क नियमांतल्या जून २०२३ च्या दुरुस्तीने वेळेनुसार दर आणले: उन्हाच्या तासांत किमान २० टक्के स्वस्त, गर्दीच्या तासांत महाग. त्यासाठी स्मार्ट मीटर लागतो, आणि मे २०२४ मध्ये बडोद्यात प्रीपेड स्मार्ट मीटरविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले होते.

तक्रारीसाठी कलम ४२ प्रमाणे प्रत्येक वितरण कंपनीचा ग्राहक तक्रार निवारण मंच असतो. त्याच्या वर विद्युत लोकपाल. दर ठरण्यापूर्वी कंपनीचा प्रस्ताव जाहीर करून लोकांच्या हरकती मागवणे बंधनकारक आहे, आणि हरकत घ्यायला १ मेगावॉट, १०० किलोवॉट अशी कोणतीच रेघ नाही. गुजरात वीज नियामक आयोगाचे कार्यालय गांधीनगरजवळ गिफ्ट सिटीत आहे. बडोद्यातला कोणताही ग्राहक तिथे लेखी हरकत पाठवू शकतो.