फ्लिंटलॉक रायफलची नेमबाजी

फ्लिंटलॉक म्हणजे चकमकीची ठासणीची बंदूक, दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासून भरायची. हा लॉक म्हणजे बार उडवणारी यंत्रणा १६१० च्या सुमारास फ्रान्समध्ये आला आणि १९व्या शतकात टोपीच्या बंदुका (स्फोटक टोपीवर घोडा आपटून बार उडवणाऱ्या) येईपर्यंत दोनशे वर्षं चालला. नळीला आतून आटे म्हणजे पिळाच्या खाचा असतील तर ती रायफल, नसतील तर मस्केट, आणि नेमाचं खरं कौतुक रायफलचंच. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन कारागिरांची लांब नळीची रायफल १८व्या शतकात त्यासाठीच नावाजली गेली.

चाप ओढला की घोड्यातली गारगोटी फ्रिझनच्या म्हणजे पॅनवरच्या झाकणाच्या पोलादावर घासते, ठिणग्या पॅनमधल्या म्हणजे नळीच्या बाजूच्या छोट्या वाटीतल्या रंजकेवर, पेट घ्यायच्या दारूवर पडतात, रंजक भडकते, तिचा जाळ कानातून म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून आत जातो आणि मग बार उडतो. सगळं क्षणार्धात होतं खरं पण आजच्या रायफलपेक्षा बराच उशीर लागतो, त्यात तोंडाजवळ जाळ उठतो, माणूस दचकतो, डोळा मिटतो आणि नेम तिथेच जातो. म्हणून चाप ओढल्यावरही माशी म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण निशाणावरच धरून ठेवायची, गोळी जाऊन लागेपर्यंत. याचा सराव रिकाम्या बंदुकीवर करतात, घोड्याच्या जबड्यात गारगोटीऐवजी लाकडाचा तुकडा बसवायचा आणि चाप ओढत राहायचं, माशी हलली तर लगेच दिसते. कंटाळवाणं आहे पण महागडी रायफल घेण्यापेक्षा याचाच जास्त उपयोग होतो.

रंजक बारीक दाण्याची आणि थोडीच हवी. पॅन गच्च भरून कान बुजवला तर ती वातीसारखी जळत आत जाते, आधी फुस्स, मग धडाम, आणि मधल्या वेळात नळी कुठच्या कुठे! नुसती रंजक जळली आणि बार उडालाच नाही तर तो अक्षरशः फुसका बार. अशा वेळी नळी निशाणाकडेच ठेवून निदान मिनिटभर थांबायचं, आत ठिणगी असू शकते.

गारगोटी चामड्याच्या तुकड्यात धरून घोड्यात आवळतात, तिची धार फ्रिझनला सरळ समांतर लागली पाहिजे, बोथट झाली की टवके काढून पुन्हा धार आणायची. फ्रिझनला तेलाचा हात लागला असेल तर आधी पुसा.

गोळी मऊ शिशाची, नळीपेक्षा किंचित लहान. ०.५० इंचाच्या नळीला साधारण ०.४९० ची गोळी आणि भोवती वंगण लावलेली सुती चिंधी, तिला पॅच म्हणतात, तीच आट्यांत रुतून गोळीला फिरकी देते. उडालेला पॅच शोधून बघायचा, फाटलेला किंवा जळलेला निघाला तर दारूचं प्रमाण, कापडाची जाडी किंवा वंगण यातलं काहीतरी जमत नाहीये. दारू मापाने मोजूनच घालायची, दारू ठेवायच्या शिंगातून थेट नळीत कधीच नाही. प्रमाण ५-५ ग्रेनने (ग्रेन म्हणजे वजनाचं छोटं एकक) बदलत टेकूवरून गोळ्या झाडून बघतात, जिथे छिद्रं सगळ्यात जवळजवळ पडतात ते त्या रायफलचं माप, दुसऱ्याचं माप आपल्याला चालेलच असं नाही. गजावर खूण करून ठेवतात, गोळी दारूवर टेकली की नाही ते कळतं, मध्ये पोकळी राहिली तर नळी फुटू शकते. ठासायचा जोरही दरवेळी सारखाच.

काळ्या दारूची काजळी ओल धरते आणि पुढची गोळी अडते, म्हणून दर बारानंतर आधी ओली मग कोरडी चिंधी फिरवायची.