रेबको फीत आणि उच्चतापी अतिसंवाहक चुंबक

विरल मृदा मूलद्रव्य (यिट्रियम, गॅडोलिनियम इ.), बेरियम आणि तांबे यांच्या ऑक्साइडाला ‘रेबको’ म्हणतात. त्याचे जेमतेम एक-दोन मायक्रोमीटर जाडीचे पटल धातूच्या लवचिक पट्टीवर वाढवून जी फीत तयार होते, तिच्या वेटोळ्यांपासून २० टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) पुढची चुंबकीय क्षेत्रे निर्माण करता येतात. पदार्थ १९८७ साली हाती आला. त्यापासून भरवशाचा चुंबक बनायला मात्र सुमारे तीस वर्षे लागली. हा सगळा काळ पातळ पटलाचे तंत्र साधण्यात गेला.

पार्श्वभूमी : पाऱ्याचा विद्युत रोध सुमारे ४.२ केल्विनला (निरपेक्ष शून्यापासून मोजलेले तापमान) नाहीसा होतो, म्हणजेच तो अतिसंवाहक बनतो, हे हाइके कॅमर्लिंग ओनेस यांना १९११ मध्ये लायडन येथे आढळले. पुढे नायोबियम-टिटॅनियम आणि नायोबियम-कथिल यांच्या तारांवर एमआरआय यंत्रे व कणत्वरक उभे राहिले. पहिल्या तारेची मजल १० टेस्लाच्या आसपास संपते, दुसरीची वीस-बावीसच्या आसपास. १९८६ मध्ये आयबीएमच्या झुरिक प्रयोगशाळेत बेडनॉर्झ व म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडांमध्ये ३० केल्विनच्या वरची अतिसंवाहकता सापडली आणि पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९८७ च्या आरंभी अमेरिकेत वू, चू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यिट्रियम-बेरियम-तांबे ऑक्साइडात ती ९० केल्विनच्या वर नेली. द्रवरूप नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो, त्यामुळे महागडे हेलियम आता लागणार नाही अशी आशा सर्वत्र पसरली.

अडचण कुठे होती : हा पदार्थ मातीच्या भांड्यासारखा ठिसूळ, त्यामुळे त्याची तार ओढता येत नाही. त्याहून मोठी अडचण कणांच्या सीमांची. शेजारशेजारच्या दोन स्फटिककणांची दिशा एकमेकींशी काही अंशांनी जरी चुकली, तरी सीमा ओलांडून जाणारा क्रांतिक प्रवाह (रोधाशिवाय वाहू शकणारा कमाल प्रवाह) झपाट्याने घटतो. दहा अंशांच्या पुढे तर फारच थोडा उरतो. आयबीएममध्ये १९८८ साली द्विस्फटिकांवर (ठरावीक कोनात जोडलेल्या दोन स्फटिकांवर) केलेल्या प्रयोगांनी हे स्पष्ट केले. याचा अर्थ, शेकडो मीटर लांबीची फीत जवळजवळ एका स्फटिकासारखी जुळलेली हवी.

फितीची घडण : धातूच्या साध्या पट्टीतले कण वाटेल त्या दिशांना तोंड करून असतात. जपानच्या फुजिकुरा कंपनीतील संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर तोड काढली : पट्टी व रेबको यांच्यामधला ऑक्साइडाचा आधारथर बसत असतानाच त्यावर तिरप्या कोनातून आयनांचा झोत मारायचा. मग नको त्या दिशेचे कण मागे पडतात आणि हव्या त्या दिशेचे वाढतात. पुढे या थरासाठी मॅग्नेशियम ऑक्साइड वापरात आले. तो काही नॅनोमीटर जाडीतच जुळतो. ओक रिज प्रयोगशाळेने दुसरी वाट धरली : निकेलची पट्टी लाटून व तापवून तिचेच कण एका दिशेला आणायचे.

आज प्रचलित असलेल्या फितीत तळाला हॅस्टेलॉय या निकेल मिश्रधातूची ३० ते १०० मायक्रोमीटरची पट्टी, तिच्यावर ऑक्साइडांचे अनेक थर, मग रेबको, त्यावर चांदी आणि सभोवार तांबे असते. रेबको थर लेसर स्पंदांनी, रासायनिक बाष्पातून किंवा द्रावण लेपून भाजून वाढवतात. त्यात बेरियम झिर्कोनेटचे नॅनोस्तंभ मुद्दाम पेरतात. चुंबकीय क्षेत्र अतिसंवाहकात बारीक भोवऱ्यांच्या रूपात शिरते, आणि हे भोवरे पदार्थात सरकू लागले की ऊर्जा वाया जाते. हे स्तंभ त्यांना जागीच अडकवून ठेवतात. निर्दोष स्फटिकापेक्षा नेमके दोष असलेले पटल इथे सरस ठरते.

चुंबक : नायट्रोजनची मूळ आशा चुंबकांच्या बाबतीत फारशी फळली नाही, कारण ७७ केल्विनला जोरदार क्षेत्रात रेबकोचा प्रवाह तोकडा पडतो. तीच फीत ४ ते २० केल्विनला ठेवली तर मात्र इतर तारा जिथे हात टेकतात तिथेही ती भरपूर प्रवाह वाहते, आणि तिचे खरे मोल इथेच आहे. अमेरिकेतील टॅलाहसी येथील राष्ट्रीय उच्च चुंबकीय क्षेत्र प्रयोगशाळेने २०१७ मध्ये ३२ टेस्लाचा पूर्णतः अतिसंवाहक चुंबक चालवून दाखवला. २०१९ मध्ये तिथेच सुमारे ३९० ग्रॅम वजनाच्या वेटोळ्याने ३१.१ टेस्लाच्या साध्या (अतिसंवाहक नसलेल्या) चुंबकाच्या पोटात आणखी १४.४ टेस्लाची भर घालून ४५.५ टेस्ला गाठले. या वेटोळ्यात पदरांमध्ये विद्युत निरोधक नव्हताच. एखादी जागा तापली तर प्रवाह शेजारच्या पदरात वळतो आणि फीत जळण्यापासून वाचू शकते. नंतरच्या तपासणीत फीत ठिकठिकाणी मुडपलेली आढळली. रुंद फितीत क्षेत्रामुळे आपोआप उमटणाऱ्या आवरक प्रवाहांचा हा ताण होता.

सप्टेंबर २०२१ मध्ये एमआयटी व कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्स ही अणुसंमीलनावर काम करणारी कंपनी यांच्या चुंबकाने २० केल्विनला २० टेस्लाचे क्षेत्र दिले. त्यात २६७ किमी फीत होती. चुंबकाने कोंडलेल्या आयनद्रायूचा (प्लाझ्माचा) दाब व चुंबकीय क्षेत्राचा दाब यांचे गुणोत्तर तेच राहिले, तर संमीलनाची शक्तिघनता क्षेत्राच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणूनच लहान संमीलन अणुभट्टीची कल्पना या फितीमुळे विचारात घेण्याजोगी झाली.

चालू संशोधन : रेबकोत अतिसंवाहकता एका ठिकाणी मोडली तर तो तापलेला भाग फार सावकाश पसरतो. नायोबियमच्या तारेत तो सेकंदाला कित्येक मीटर धावतो, इथे काही सेंटिमीटरच. त्यामुळे विद्युत दाबावरून धोका कळेपर्यंत ती जागा जळून जाऊ शकते. फितीलगत प्रकाशीय तंतू गुंडाळून तापमानावर थेट नजर ठेवण्याचे प्रयत्न त्यासाठीच चालू आहेत. थर एकमेकांपासून सुटणे, लांबीभर प्रवाह एकसारखा नसणे आणि किलोअँपिअर-मीटरमागचा (एक किलोअँपिअर प्रवाह एक मीटर वाहून नेणाऱ्या फितीचा) खर्च हे प्रश्नही पुन्हा पटल वाढवणाऱ्यांच्याच दारी येतात.