१९४८ ची अमेरिकन अध्यक्षीय निवडणूक

अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी २ नोव्हेंबर १९४८ रोजी झालेली चौरंगी निवडणूक. विद्यमान अध्यक्ष हॅरी ट्रूमन डेमोक्रॅटिक पक्षाकडून, तर न्यूयॉर्कचे गव्हर्नर थॉमस ड्यूई रिपब्लिकन पक्षाकडून उभे होते. शिवाय दक्षिणेतील बंडखोरांचे उमेदवार स्ट्रॉम थर्मंड आणि प्रोग्रेसिव्ह पक्षाचे हेन्री वॉलेस हेही रिंगणात होते. ड्यूई सोडले तर बाकीचे तिघे एकाच डेमोक्रॅटिक घरातले. ही निवडणूक समजून घ्यायची तर आधी ही भाऊबंदकी पाहावी लागते.

वॉलेस हे १९४१ ते १९४५ या काळात फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे उपाध्यक्ष होते. १९४४ च्या निवडणुकीत पक्षाने त्यांना बाजूला सारून त्या जागी ट्रूमन यांना आणले. पुढे १२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट वारले आणि ट्रूमन अध्यक्ष झाले. सोव्हिएत संघाशी कसे वागावे यावरून ट्रूमन आणि वॉलेस यांचे बिनसले, आणि सप्टेंबर १९४६ मध्ये ट्रूमन यांनी तेव्हा वाणिज्यमंत्री असलेल्या वॉलेस यांना मंत्रिमंडळातून काढले.

दुसरी फूट अधिक खोल होती. १४ जुलै १९४८ रोजी फिलाडेल्फियातील पक्ष-अधिवेशनात मिनिआपोलिसचे ३७ वर्षांचे महापौर ह्यूबर्ट हम्फ्री व्यासपीठावर आले. राज्यांच्या हक्कांच्या सावलीतून बाहेर पडून मानवी हक्कांच्या लख्ख उन्हात चला, असे आवाहन त्यांनी केले. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचा ठराव ६५१½ विरुद्ध ५८२½ मतांनी मंजूर झाला. मिसिसिपीचे सगळे आणि अलाबामाचे निम्मे प्रतिनिधी सभागृह सोडून गेले. तीनच दिवसांनी बर्मिंगहॅममध्ये वंशभेदाच्या पाठीराख्यांनी साउथ कॅरोलिनाचे गव्हर्नर थर्मंड यांना उभे केले. ‘डिक्सिक्रॅट’ म्हणतात ते हेच. ट्रूमन मागे हटले नाहीत. २६ जुलैला त्यांनी सैन्यदलांत वंशावरून भेदभाव होणार नाही असा आदेश काढला. या निवडणुकीतला सर्वांत मोलाचा निर्णय हाच, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

ट्रूमन यांनी रेल्वेने देश पालथा घातला. गावोगावी गाडी थांबे, शेवटच्या डब्याच्या सज्जात उभे राहून ते रोखठोक बोलत आणि रिपब्लिकन बहुमताच्या काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, ‘काही न करणारी’ म्हणून झोडपत. मक्याचे भाव पडत होते आणि धान्य साठवायला सरकारी कोठारे अपुरी पडत होती. त्याचा दोषही त्यांनी याच काँग्रेसच्या माथी मारला. ड्यूई यांनी मात्र वाद टाळले. एकेकाळी गुंडांच्या टोळ्यांचे कर्दनकाळ ठरलेले हे सरकारी वकील. विजय गृहीत धरून ते गुळमुळीत भाषणे करत राहिले. इलिनॉयमधील बोकू या छोट्या स्थानकात त्यांचे भाषण चालू असतानाच गाडी अचानक मागे, थेट गर्दीच्या दिशेने सरकली. इजा कोणालाच झाली नाही, पण ड्यूई ध्वनिक्षेपकावरूनच चालकाला वेडा म्हणून बसले. ते शब्द देशभर पोहोचले आणि रेल्वे कामगारांच्या मनात सलत राहिले.

जनमत चाचण्या घेणाऱ्या एल्मो रोपर यांनी ड्यूई जिंकणारच असे मानून सप्टेंबरमध्येच नियमित चाचण्या थांबवल्या. गॅलप संस्थेच्या अखेरच्या अंदाजातही ड्यूईच पुढे होते. शेवटच्या दिवसांतला मतदारांचा कल त्यामुळे निसटला. ‘शिकागो डेली ट्रिब्यून’ने तर ड्यूईंनी ट्रूमन यांना हरवले, असा मथळा छापला. जुळाऱ्यांच्या संपामुळे अंक लवकर छापायला पाठवावा लागला होता. सेंट लुईसच्या स्थानकावर तोच अंक दोन्ही हातांनी उंच धरून हसणाऱ्या ट्रूमन यांचे छायाचित्र जगभर गाजले.

अध्यक्ष ठरतो तो राज्यवार वाटून दिलेल्या निर्वाचक मतांवर. त्यांपैकी ट्रूमन यांना ३०३, ड्यूई यांना १८९ आणि थर्मंड यांना ३९ मिळाली. वॉलेस यांना एकही मिळाले नाही. मतदारांनी प्रत्यक्ष टाकलेल्या मतांत ट्रूमन यांचा वाटा सुमारे ४९.६ टक्के, ड्यूई यांचा ४५.१ टक्के होता. थर्मंड आणि वॉलेस यांना प्रत्येकी सुमारे २.४ टक्के मते पडली. तरीही थर्मंड यांना ३९ निर्वाचक मते मिळाली, कारण त्यांची मते दक्षिणेत एकवटलेली होती. लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा आणि साउथ कॅरोलिना ही चार राज्ये त्यांनी जिंकली. अलाबामात ट्रूमन यांचे नावच मतपत्रिकेवर नव्हते. वॉलेस यांची मते विखुरलेली राहिली, पण न्यूयॉर्कमध्ये त्यांनी खाल्लेल्या मतांमुळे ते राज्य ड्यूईंकडे गेले. ओहायो, कॅलिफोर्निया आणि इलिनॉय ही तीन राज्ये ट्रूमन यांनी निसटत्या फरकाने जिंकली. तिन्ही हातची गेली असती, तर ड्यूईच अध्यक्ष झाले असते. या राज्यांच्या शहरांतील कृष्णवर्णीय मतदार मोठ्या संख्येने ट्रूमन यांच्या पाठीशी उभे राहिले होते. थर्मंड यांनी १९६४ मध्ये रिपब्लिकन पक्षात प्रवेश केला.